बोटांवर मोजलेले महिने

2023 च्या जूनमध्ये पाऊस रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. अरबी समुद्रातलं बिपरजॉय वादळ गुजरातकडे सरकत होतं, हर्णैच्या बंदरावर लाटा आदळत होत्या, आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर मात्र जमीन भिजेल एवढीही सर येत नव्हती. मासेमारीची बंदी 1 जूनलाच लागली असल्याने होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या, संध्याकाळचा लिलाव बंद होता आणि सगळं गाव घरात बसून आभाळाकडे बघत होतं. त्याच आठवड्यातल्या एका पहाटे, न्हाणीच्या खिडकीत ठेवलेल्या पट्टीवर मी दुसरी रेघ उमटताना पाहिली. पहिली रेघ ठळक होती. दुसरी इतकी पुसट की ती खरंच आहे की मला भास होतो आहे हे कळेना, म्हणून मी पट्टी उजेडात धरली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू गुलाबी होत गेली. बाहेर सासूबाई चुलीवरचं पाणी उतरवत होत्या. मी पट्टी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून गाऊनच्या खिशात घातली आणि रोजच्यासारखी दात घासायला लागले.

मी तेव्हा 39 वर्षांची होते. पतसंस्थेतली नोकरी होती, लेक नुकतीच दहावीत गेली होती, घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते आणि हे 28 एप्रिलला नऊ महिन्यांच्या करारावर बोटीवर गेले होते. रक्तस्राव फार होतो म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तांबी काढून टाकली होती. त्यानंतर पाळी मागेपुढे होऊ लागली, तेव्हा आता ती जाण्याचे दिवस आले असं मी समजून चालले. पाळी अनियमित झाली म्हणजे बीज तयार होणं थांबलं असं नसतं, ही साधी गोष्ट शिकलेल्या, कमावत्या बाईला ठाऊक नव्हती. त्या सकाळी मला आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. वाटली ती शरम, एखादी चोरी उघडकीस यावी तशी. या वयात, एवढी मोठी मुलगी असताना, लोक काय म्हणतील, हे तीन विचार एकापाठोपाठ आले, आणि त्या तिन्हींत मी स्वतः कुठेच नव्हते. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

शेजारचं मुरुड हे कर्व्यांचं गाव. त्या घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक नेटाने चालवलं. शंभर वर्षं उलटली, तरी त्याच किनाऱ्यावरच्या बाया औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नसण्याची वाट बघत उभ्या राहतात. आपल्यावर आलं ते जगात कुणावरच आलं नसेल असं मला त्या दिवसांत वाटायचं. प्रत्यक्षात 2015 मध्ये भारतात झालेल्या 4 कोटी 81 लाख गर्भधारणांपैकी जवळजवळ निम्म्या ठरवून झालेल्या नव्हत्या असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या 2022 च्या अहवालात जगभरचं चित्रही तसंच दिसतं, न ठरवता झालेल्या गर्भधारणा वर्षाला 12 कोटी 10 लाख. हे आकडे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तर पोटातला गोळा हलला नसता, पण निदान त्या न्हाणीत मी एवढी एकटी नसते.

आमच्या बोलीत या अवस्थेला ‘चुकून राहिलं’ म्हणतात. चूक कुणाची हे त्यात सांगितलेलं नसतं, पण ऐकणाऱ्याची नजर बाईकडेच वळते. ‘नको’ हा शब्द तर त्याहून अवघड आहे. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलण्यात आली होती. मुलगा हवा असलेल्या घरांनी आपला नकार त्या पोरींच्या नावावर कायमचा लिहून ठेवला होता. त्यामुळे आपल्याकडे एखादी बाई ‘मला आत्ता हे नको’ म्हणाली की तिने जणू जन्माला न आलेल्या जिवालाच ते नाव दिलं असं समजून सगळे तिच्या तोंडावर हात ठेवायला धावतात. वास्तविक तिचा नकार बहुतेक वेळा वेळेला असतो, परिस्थितीला असतो, आपल्या अंगात उरलेल्या ताकदीच्या हिशोबाला असतो. तो मोठ्याने बोलून दाखवल्याशिवाय तिचं तिलाही कळत नाही की त्यातला कुठला भाग खरा आहे आणि कुठला नुसती भीती.

मला तो बोलायला जागा दिली ती सासूबाईंनी, आणि तीही मी काही सांगण्याआधी. पावसाची बेगमी म्हणून आमच्या स्वयंपाकघरात फळीवर सोड्यांचा आणि सुक्या बांगड्यांचा डबा असतो. त्या आठवड्यात डब्याचं झाकण उघडलं की मला परसात धावावं लागे. उन्हाने पित्त वाढलं आहे असं मी सांगत होते. तिसऱ्या दिवशी बघते तर डबा फळीवर नव्हता. तो ओटीपलीकडच्या कोठीत, जुन्या गोणपाटाखाली ठेवलेला मला नंतर सापडला. त्या दिवसापासून आमच्याकडे कुळथाची पिठी आणि पेज होऊ लागली, आणि सुकं का नाही असं लेकीने विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, “पाऊस पडला की करू.” आणखी चार दिवस त्या माझ्याशी फक्त रोजचंच बोलत राहिल्या. मग एका दुपारी पडवीत फणसाच्या आठळ्या निवडताना, मान वर न करता म्हणाल्या, “बाय, तुला बोलायचं असेल तेव्हा बोल. मी काही म्हणणार नाही.”

मी बोलले. सलग बोलले असेन अर्धा तास. मला हे नको आहे, माझ्यात आता रात्री जागण्याची ताकद नाही, मला हे घालवायचीही भीती वाटते, मला तुमच्या मुलाचा राग येतो, मला माझाच राग येतो, अशी एकमेकींना छेद देणारी वाक्यं बाहेर पडत गेली आणि त्या आठळ्या निवडत राहिल्या. त्यांनी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. शेवटी एवढंच सांगितलं की चौथ्या वेळी त्यांनाही नको होतं, तेव्हा त्यांनी कच्ची पपई खाल्ली होती आणि माळ्याच्या शिडीवरून उड्या मारल्या होत्या, आणि ही गोष्ट 45 वर्षांत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. चौथा तो म्हणजे माझा धाकटा दीर, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव आहे. त्यावरून मी काय घ्यावं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांना देवत्व द्यायची माझी इच्छा नाही. पुढे एकदा त्यांच्या तोंडून “देवाने दिलं आहे तर” निघालंच, आणि मी भरल्या ताटावरून उठले. संध्याकाळी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मी बोलणार नाही म्हटलं होतं, चुकलं माझं.” वयाने मोठ्या माणसाने सुनेला असं म्हणणं आमच्याकडे किती दुर्मीळ आहे हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

यांच्याशी बोलणं त्या मानाने कठीण गेलं. बोट बंदराला लागली की व्हिडिओ कॉल होई, एरवी दोन-चार ओळींचे निरोप. बातमी ऐकून हे बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तू ठरवशील ते मला मान्य आहे.” हे वाक्य किती समंजस आहे हे मला कळत होतं, आणि तरीही फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. शरीर माझं असल्याने अखेरचा शब्द माझाच हवा यात मला शंका नाही. परंतु ‘तू ठरव’ एवढंच म्हणून माणूस बाजूला झाला की ठरवण्याचं स्वातंत्र्य आणि टाकून दिल्याची भावना एकाच वेळी अंगावर येते. दोन आठवड्यांनी यांचा रात्री उशिरा फोन आला आणि हे म्हणाले की त्यांना झोप लागत नाही, त्यांनाही भीती वाटते, चाळिशीत बाळंतपण म्हणजे मला काही होईल का, या विचाराने डेकवर हातातलं काम सुटतं. त्यांनी कुठलाच तोडगा दिला नव्हता. त्यांची भीती माझ्या भीतीशेजारी येऊन बसली, आणि त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली.

दरम्यान मी एकटी एका तालुक्याच्या गावी, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं अशा एका खासगी दवाखान्यात चौकशीला गेले होते. गर्भ ठेवायचा की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं. मला फक्त माहिती हवी होती. तिथे मान वर न करता सांगण्यात आलं, “नवऱ्याची सही आणा. ते नसतील तर सासऱ्यांची चालेल.” मी उठून बाहेर आले आणि एस.टी. स्टँडवर दीड तास बसून राहिले. कायदा असं काहीही सांगत नाही. 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची, सासऱ्याची, कुणाचीही सही लागत नाही. फक्त 18 वर्षांखालील किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी पालकाची लेखी संमती घ्यावी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि कायद्याने ठरवलेल्या काही परिस्थितींत 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं हे कारण पूर्वी फक्त विवाहित स्त्रीसाठी मानलं जाई. आता तिथे कोणतीही स्त्री असा शब्द आहे. स्त्रीचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रियांनाही 24 आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केलं आहे.

हे सगळं मला दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरबाईंकडून कळलं. त्यांनी आधी मला पाणी दिलं, अभिनंदन केलं नाही, आणि विचारलं, “तुम्हाला या सगळ्याचं काय वाटतं?” मी म्हणाले, काहीच कळत नाही. त्या म्हणाल्या, “तुमची एकटीची सही पुरते. आज ठरवू नका, पण फार दिवसही जाऊ देऊ नका. आठ दिवसांनी या, मग जे असेल ते.” परतीच्या गाडीत खिडकीशी बसले तेव्हा एकदाचा पाऊस लागला होता. तोवर माझी सगळी शक्ती बंद दाराला धडका देण्यात जात होती; दार उघडं आहे असं कळल्यावर आपल्याला बाहेर जायचं आहे का, हा प्रश्न मी पहिल्यांदा शांतपणे स्वतःला विचारू शकले. आठ दिवसांनी मी सांगितलं की मला हे मूल हवं आहे. त्या दिवशी नाही म्हणाले असते तर त्याही उत्तराचा त्यांनी तेवढाच आदर केला असता याची मला खात्री होती, आणि म्हणूनच माझं ‘हो’ माझं होतं.

ठरलं म्हणजे मन शांत झालं असं मात्र नाही. गावात हळूहळू कळलं आणि बोटं मोजायला सुरुवात झाली. नवरा बोटीवर असलेल्या बाईचे महिने आमच्या किनाऱ्यावर सगळेच मोजतात. विहिरीवर, देवळात, दुकानात. एक वयस्क बाई माझ्याशी गोड बोलता बोलता पदराआड अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती, आणि तिचा अंगठा एप्रिलच्या पेरावर पोचून थांबला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आलेला सुटकेचा भाव मी अजून विसरलेले नाही. हिशोब जुळला होता. मी हसले आणि घरी येऊन दार लावून घेतलं.

सर्वांत जास्त दुखावलं ते लेकीने. बातमी सांगितल्यावर ती म्हणाली, “आई, माझ्या वर्गात कळलं तर?” आणि पुढचे तीन आठवडे तिने माझ्या पोटाकडे पाहिलं नाही. मला तिचा राग आला, मग स्वतःचा आला. पुढे लक्षात आलं की हे तिच्यावरही न विचारता आलेलं होतं आणि तिलाही ‘नको’ म्हणायला कुणी जागा दिली नव्हती. मी तिला तसं म्हणाले. ती खूप रडली, म्हणाली की तिला दहावीची भीती वाटते आणि मी मरेन याची भीती वाटते. त्यानंतर आम्ही दोघी रोज संध्याकाळी बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊ लागलो.

तरी सप्टेंबरात मी खचले. गणपतीला चाकरमानी आले, घर भरलं, आरत्या झाल्या, आणि त्या गर्दीत मला काहीही जाणवेनासं झालं. सोनोग्राफीत बाळाचा कणा मोत्यांच्या सरासारखा दिसत होता, डॉक्टर कौतुकाने दाखवत होत्या, आणि मी भिंतीवरचा ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक पुन्हा पुन्हा वाचत होते. रात्री तीनला जाग यायची ती सकाळपर्यंत. आठवडा आठवडा केस धुतले जात नव्हते. हे कुणाला सांगायचं? आमच्या भागात मनाचं काही म्हटलं की लोक चटकन ‘हिला रत्नागिरीला न्या’ म्हणतात, कारण तिथे ब्रिटिश काळापासूनचं मनोरुग्णालय आहे; ज्या इस्पितळाचा आधार वाटायला हवा, त्याच्या गावाचं नाव आम्ही शिवीसारखं करून ठेवलं आहे.

ओळखलं ते आमच्या वाडीतल्या आशाताईंनी. लोहाच्या गोळ्या घेऊन आलेल्या त्या माझ्या केसांकडे बघून थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “9 तारखेला मी सोबत येते.” दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब घेता घेता दोन प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का, आणि मन सतत उदास राहतं का. दोन्हींना मी हो म्हणाले. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, वाईट आई असल्याची खूण नाही; विकसनशील देशांत गरोदरपणात सुमारे 15.6 टक्के आणि बाळंतपणानंतर 19.8 टक्के स्त्रियांना मनाचा असा त्रास होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साहजिक असतं, पण ते दोन आठवड्यांपुढे टिकलं तर अंगावर काढायचं नसतं. त्यांनी समुपदेशनासाठी चिठ्ठी दिली आणि 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक माझ्या फाइलवर ठळक लिहिला.

त्या क्रमांकावर मी एका पहाटे, परसातल्या पायरीवर बसून फोन केला. पलीकडची मुलगी मराठीत बोलत होती. फोन मोफत असतो आणि दिवसरात्र कधीही करता येतो हे मला माहीत होतं, तरी तीन वेळा आकडे दाबून मी तो कापला होता. तिने मला श्वास मोजायला लावलं, जीव द्यावासा वाटतो का असं आडपडदा न ठेवता विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात काय काय करायचं हे माझ्याकडूनच काढून घेतलं: केस धुणं, रोजचं चालणं, एका माणसाला खरं सांगणं. तो प्रश्न ऐकून मला धक्का बसला नाही, उलट हायसं वाटलं. इतक्या अंधारातल्या गोष्टीबद्दलही या मुलीशी बोलता येईल असं वाटलं. समुपदेशनाला मी सहा वेळा गेले. डिसेंबरपर्यंत झोप परतली.

मुलगा जानेवारीत झाला आणि हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आले. बाळंतपणाविषयी विशेष सांगण्यासारखं काही नाही, सुखरूप झालं.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण बाई माझ्याकडे आली. तिची ओळख कळेल असं काही मी लिहिणार नाही, आणि हे लिहायला तिने मला मोकळीक दिली आहे. तिला दीड वर्षाचं मूल होतं, अंगावर दूध असताना दिवस राहत नाहीत या समजुतीवर ती विसंबून राहिली होती, आणि तिने माझ्यासारखा आठ दिवस विचार करून उलट उत्तर काढलं. मला क्षणभर वाईट वाटलं हे खोटं कशाला सांगू. पण ते माझं वाईट वाटणं होतं, ते तिच्या ओंजळीत टाकायचा मला अधिकार नव्हता. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. सही तिची एकटीची घेतली. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

सोबत कमी पडते ती त्यानंतर, असं मी पाहिलं आहे. मूल होणार असेल तर डोहाळजेवण असतं, पाचवी असते, बारसं असतं. ज्या बाईने थांबवलं तिच्यासाठी एकही दिवस नसतो, आणि झालं ते झालं म्हणून सगळे, तिच्या बाजूचेसुद्धा, विषय मिटवून टाकतात. तिला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी असू शकतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी दर गुरुवारी, पतसंस्था सुटल्यावर, तिच्याकडे जाऊन बसायचे. पहिले दोन गुरुवार ती काही बोलली नाही. मी तिच्या मुलाला खेळवायचे आणि निघायचे. तिसऱ्या गुरुवारी ती बरंच बोलली, त्यातलं इथे काही लिहिण्यासारखं नाही. चौथ्या गुरुवारी मी अंगणात शिरले तेव्हा आतून खोबरं वाटल्याचा आवाज येत होता. ती पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “ताई, आज कालवण केलंय. जेवूनच जा.”